गाडीत माणसं किती?

"गाडीत माणसं किती असतात, साहेब?" यासीनभाईंनी विचारलं.

ते उकिडवे बसले होते. माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि ते हातातल्या व्हर्नियरनं ब्रेकच्या डिस्कची जाडी मोजत होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तरही एका शब्दात देता आलं असतं. गाडी घेऊन दोन महिने झाले होते आणि तोवर माझ्याशिवाय तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

मी म्हणालो, "चार."

"रोज?"

"रोज नाही. शनिवार-रविवार जातो आम्ही. घाटातच जास्त."

त्यांनी मान डोलावली. डिस्कच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "दिसतोय घाट. पार खाल्लीय ही."

खरं तर तो घाट माझा नव्हता. गाडी मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याकडून जुनी घेतली होती. पसरणीच्या घाटात वर-खाली करून ती झिजवली होती त्यानं. माझ्या वाट्याला आली तेव्हा ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. ऑफिसातल्या कुणीतरी यासीन शिकलगारांचं नाव सुचवलं. पोवई नाक्यापासून थोडं खाली, पुढं सुट्या भागांचं दुकान आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज. माल विकायचे तेच आणि बसवायचेही तेच.

ही दोन हजार सात सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी साताऱ्यात पाटबंधारे खात्यात उपअभियंता होतो, सेहेचाळीस वर्षांचा. सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो.

यासीनभाई तेव्हा पन्नाशीचे असतील. किरकोळ बांधा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नुसतं गाडीचं नाव सांगून त्यांच्याकडून ब्रेकचे पॅड मिळत नसत. आधी ते शंभर गोष्टी विचारत. गाडी कुठं फिरते, कोण चालवतं, मागं ओझं किती, पाय जड की हलका. मी म्हटलं, माप तर ठरलेलंच असतं ना? तर म्हणाले, "ब्रेक म्हणजे चप्पल न्हवं साहेब, मापाची मिळाली की झालं. पाय कुणाचा आणि वाट कुठली, ते बघाय लागतंय."

डिस्कच्या मागच्या बाजूला एक आकडा कोरलेला असतो. त्याच्यापेक्षा जाडी कमी भरली की डिस्क काढायचीच. माझी खूपच कमी भरली. लेथवर घासून सपाट करता येईल का, असं मी विचारलं. घासायला तिच्यात काही उरलंच नाही, दोन्ही बाजूच्या जोडीनं बदलाव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. मग काउंटरवर पॅडचे तीन खोके मांडले.

पहिला गाडीच्या कंपनीचा. चांगला, पण उगीच नावाचा भाव. दुसरा बाहेरच्या कंपनीचा, मऊ पॅडचा. पाय ठेवला की धरतो, आवाज करत नाही, डिस्कही खात नाही. गावात फिरणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, असं ते म्हणाले. तिसरा खोका त्यांनी हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरला.

"हे कडक आहेत. घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर असतो, पॅड तापतात. मऊ पॅड तापले की धरायचं सोडतात. हे तापले की जास्त धरतात. पण थंड असताना कुरकुर करतात. घरातून हपिसात आणि हपिसातून घरी जाणाऱ्याला मी हे देत न्हाई."

मी घरातून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी जाणारा होतो. अंतर दोन किलोमीटर. दुसऱ्या खोक्यावर बोट ठेवायला मला काहीच अडचण नव्हती. पण बोट मी ठेवलं नाही, आणि ते पुढं बोलले.

"पोरं मागं बसतात ना? केवढी आहेत?"

"मुलगी नऊची. मुलगा पाचचा."

"नावं?"

"मृण्मयी. केदार."

"माझी धाकटी नऊचीच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तिसरा खोका उघडला. "मग इचार कशाला करायचा?"

डिस्कही त्यांनी त्या पॅडना साजेशा, जरा भारी निवडल्या. संध्याकाळपर्यंत काम झालं. त्यांनी एका वहीत गाडीचा नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून घेतले. पहिले दोनशे किलोमीटर जपून दाबायचे, एकदम कच्चकन नाही. मग एकदा सगळ्यांना घेऊन घाट उतरायचा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतील, असं बजावून सांगितलं. वहिनींना आणि पोरांना घेऊन एकदा दुकानावर या, असंही म्हणाले. मी बरं म्हणालो.

आठच दिवसांत कुरकुर सुरू झाली. पहिल्यांदा बारीक, मग चांगली कर्कश. नाक्यावर सिग्नलला थांबलो की रिक्षावाले वळून बघायचे. मी ऑफिसच्या फाटकात शिरलो की शिपाई तो आवाज ऐकूनच टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचा. मी मात्र यासीनभाईंना त्याबद्दल काही सांगितलं नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्यांच्या दुकानात जाऊन बसायची मला सवय लागली होती, पण गाडी मी नाक्याच्या अलीकडेच लावायचो आणि चालत जायचो.

ते स्टूल पुढं सरकवायचे. गिऱ्हाईक नसलं की गप्पा व्हायच्या. साताऱ्यात येऊन मला सहा वर्षं झाली होती, पण ऑफिसच्या कामाशिवाय कुणी माझ्याशी चार वाक्यं बोलल्याचं आठवत नव्हतं. ते विचारायचे, मागच्या रविवारी कुठं? मी म्हणायचो, कासला. पोरांना आवडलं? मी सांगायचो. तलावावर केदारनं पाण्यात दगड मारले, मृण्मयीला भूक लागली म्हणून येताना यवतेश्वराच्या उतारावर थांबून कणसं घेतली. पुढच्या आठवड्यात पाचगणी. त्याच्या पुढच्या आठवड्यात ठोसेघर. त्यांना सगळं लक्षात राहायचं. टेबललँडवर वारं सोसाट्याचं असतं, पोराला कानटोपी घातली का, असं विचारायचे. मी हो म्हणायचो.

त्याचा परिणाम असा झाला की रविवारी मला घराबाहेर पडता येईना. मी घाटात गेलेला असायचो ना. गाडी क्वार्टर्सच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीआड लावायची, खिडक्यांचे पडदे ओढायचे. मंडईत जायची सोय नाही, न जाणो, यासीनभाई किंवा त्यांच्या घरचं कुणी भेटायचं. शनिवारी आणलेल्या भाजीवर दोन दिवस काढायचे. दुपारी खिचडी टाकायची आणि संध्याकाळपर्यंत अंथरुणावर पडून राहायचं. समोरच्या ब्लॉकमधली मुलं जिन्यात खेळायची, त्यांचे आवाज ऐकू यायचे. सोमवारी संध्याकाळी मात्र मी दुकानात गेलो की सांगायला माझ्याकडे काहीतरी असायचं. आठवडाभर मी तेच जुळवत असायचो.

फेब्रुवारीत आवाज इतका वाढला की एके दिवशी कार्यकारी अभियंत्यांनीच मला केबिनमध्ये बोलावून गाडी दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजात जावं असं मनात येऊन गेलं. एक-दोनदा त्या दिशेनं गाडी वळवलीही. पण का कोण जाणे, नाही गेलो. शेवटी एका गुरुवारी दुपारी रजा टाकून यासीनभाईंच्या शेडमध्ये गाडी घातली.

त्यांनी चाक काढलं. पॅड बाहेर काढून उजेडात धरले. काचेसारखे चकचकीत झाले होते. डिस्कच्या कडेला गंजाचं तांबूस कडं धरलं होतं. ते हात पुसून पुढं दुकानात गेले, वही घेऊन आले, चष्मा डोळ्यांवर चढवून पान शोधलं, मग गाडीचं दार उघडून मीटर वाचला. पुन्हा वहीत बघितलं. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो.

"नोव्हेंबरात लिवलं होतं, त्याच्यापुढं चारशे किलोमीटर झालेत," ते म्हणाले. "रोजचं हपिस धरलं तर तेवढंच होतं. घाट कुठं बसतोय ह्यात?"

त्यांनी वही मिटली. रागावलेत असं काही दिसत नव्हतं. बराच वेळ ते पॅडवरून अंगठा फिरवत राहिले आणि मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पोरं आहेत का, साहेब?"

"आहेत," मी म्हणालो. "चिपळूणला आहेत."

मग त्यांना सगळं सांगितलं. माझी बायको वासंती चिपळूणला शाळेत शिकवते. माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा मी तिला नोकरी सोडून चल म्हणालो. ती नाही म्हणाली. कायम झालेली नोकरी होती तिची, आणि ती तिला आवडायची. मी रागाच्या भरात बोललो की मग तुझं तू बघ, मला बोलावू नकोस. तिनं नाही बोलावलं. पहिल्या वर्षी मी दर शनिवारी जायचो, एस. टी.नं. मग महिन्यातून एकदा. एकदा गणपतीत जायचं राहिलं, त्याचा फोनवर वाद झाला, म्हणून दिवाळीतही गेलो नाही. त्यानंतर जायला काही कारणच लागेना, न जायलाही लागेना. पाच वर्षं अशी गेली. भांडण नव्हतं, घटस्फोट नव्हता. सणाला मुलांशी फोनवर दोन शब्द व्हायचे. मुलगी आता नऊची नव्हती, पंधराची होती. मुलगा अकराचा. गाडी घेतली ती चिपळूणला जाता यावं म्हणूनच घेतली होती, असं मी स्वतःशी म्हणत होतो.

माझं बोलून झाल्यावर यासीनभाई म्हणाले, "चूक माझीच. मी तुम्हाला इचारलं, गाडीला इचारलंच न्हाई." आणि उठून कपाटाकडं गेले. "हे काढून टाकतो. मऊ घालतो. एकट्या माणसाला तेच बरे."

ते सहज बोलून गेले. त्यात लागट असं काही नव्हतं. पण ते शब्द माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारले होते.

"नको," मी म्हणालो. "राहू देत हेच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग ह्यांना घाट दावाय लागंल."

"हो."

त्यांनी पॅड पॉलिशपेपरवर घासून चकाकी काढली, डिस्क साफ केल्या, पिनांना ग्रीस लावलं आणि चाक पुन्हा चढवलं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. कुणाला कळवलं नव्हतं. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो, कोयनानगर मागं टाकलं आणि हेळवाकच्या पुढं घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. समोर कोकण धुरकट दिसत होतं. तिथून परत फिरावं असं दोनदा वाटलं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि कुंभार्ली उतरायला लागलो.

पहिल्या काही वळणांवर ब्रेक नेहमीसारखे किंचाळले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. मी दात आवळून एकेक वळण घेत होतो. पाचव्या का सहाव्या वळणानंतर जळकट वास आला, आणि पुढं आणखी दोन-तीन वळणं उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाज थांबला आहे. पाय ठेवला की गाडी मुकाट आवळली जात होती. मी शेजारच्या सीटकडं बघितलं. सांगायला तिथं कुणी नव्हतं.

चिपळूणला वासंतीनं मधल्या काळात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. ते मी पाहिलेलं नव्हतं, पत्ता तेवढा होता. गल्लीच्या कोपऱ्यावर एका बाईंचं किराणा दुकान होतं. तिथं वासंतीचं, म्हणजे दिघेबाईंचं, घर विचारलं. बाईंनी बोट दाखवलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "शाळेतून यायच्यात अजून त्या. तुम्ही नात्यातले काय त्यांच्या?"

मी काही बोलायच्या आतच त्या पुढं म्हणाल्या, "एकटीनं सगळं ओढते हो बाय. मिस्टर दिल्लीला असतात ना. मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण सुट्टी म्हणून मिळत नाही."

"हो," मी म्हणालो. "मी नात्यातलाच."

दार मृण्मयीनं उघडलं. माझ्या खांद्याला लागत होती. क्षणभर तिनं मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि दोन पावलं मागं सरकली. "आई शाळेत आहे," म्हणाली. "या ना, बसा." लहानपणी ती मला 'बाबा, तू' म्हणायची. तिनं पाणी आणून दिलं, तेही ताटलीत तांब्या-भांडं ठेवून, परक्या माणसाला देतात तसं. पंखा लावला. परीक्षा कधी, असं मी विचारलं, तिनं तारीख सांगितली. केदार मैदानावर गेला होता. तो आला तो दारातूनच आधी गाडीकडं वळला, चारी बाजूंनी फिरून आत आला आणि "ही तुमची?" म्हणाला. नमस्कार करायचं त्याला बहिणीनं खुणेनं सुचवलं.

वासंती साडेबाराला आली. गाडीचा साताऱ्याचा नंबर तिनं गल्लीतूनच पाहिला असणार, कारण मला बघून तिला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. केस कानाशी पांढरे झाले होते. तिनं पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, मुलांना ताटं घ्यायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं जाऊन दाराशी उभा राहिलो.

"कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, मी दिल्लीला असतो," मी म्हणालो.

ती कढी ढवळत होती. हात थांबला नाही.

"सातारा तीन तासांवर आहे," ती म्हणाली. "तीन तासांवर असतात आणि येत नाहीत, हे सांगायची लाज वाटायची. म्हणून दिल्ली."

मला तिला माझं सांगायचं होतं. कास, पाचगणी, कणसं, कानटोपी, पडदे ओढून काढलेले रविवार. पाच वर्षं एका गल्लीत ती मला लांब पाठवत होती आणि चार महिने एका गॅरेजात मी त्या तिघांना जवळ बसवत होतो. पण तिनं कढीचं पातेलं उतरवलं आणि मी ते बाहेर नेऊन ठेवलं.

जेवणं झाली. मुलं बाहेरच्या खोलीत गेल्यावर तिनं हात पुसले आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण परत आलात असं समजू नका. माझं आता बसलंय सगळं. यायचं असेल तर पाहुण्यासारखे या. जेवा, मुलांशी बोला, जा. त्यापुढचं मला जमणार नाही."

मी "बरं" म्हणालो. याहून जास्त मागायचं तोंड नव्हतं मला. चारच्या सुमारास निघालो, अंधार पडायच्या आत घाट चढायचा होता. केदार गाडीपर्यंत आला. पुढच्या वेळी एक चक्कर माराल का, असं त्यानं विचारलं. पुढच्या वेळी म्हणाला.

दर दुसऱ्या शनिवारी मी जायला लागलो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद असला तर लांबचा वळसा घालून जायचो. मुक्काम बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर. मृण्मयीला 'बसा'वरून 'बस'वर यायला दीड वर्ष लागलं. केदारला गाडी मीच शिकवली. वासंतीनं आपली अट कधी मोडली नाही आणि मीही ती मोडायला सांगितलं नाही.

यासीनभाईंच्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच मे महिन्यात झालं. मी एकटाच गेलो. मांडवात त्यांच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, फॅमिलीला नाही आणलं? तेवढ्यात यासीनभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला सांगितलं, "साहेबांची फॅमिली चिपळूणला असती. जात्यात हे शनवारी." त्यात खोटं काही नव्हतं.

निवृत्त होऊन मला आता चार वर्षं झाली. साताऱ्यात मागं ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चिपळूणलाच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, वासंतीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मृण्मयी लग्न होऊन रत्नागिरीला असते, केदार पुण्यात. दिघेबाईंचे मिस्टर ते मीच, हे किराणा दुकानातल्या बाईंना पुढं कळलं, आणि त्या अजून मला दिल्लीची थंडी कशी होती ते विचारतात. मी कडक होती म्हणून सांगतो.

रविवारी दुपारी वासंतीकडं जेवायला जातो. तिचा हात आता दुखतो, म्हणून नारळ मी खवून देतो. जेवण झालं की ती वर्तमानपत्र वाचते, मी समोर बसतो, आणि तीन वाजले की उठतो. निघण्याआधी सकाळी तिला फोन करतो. बहुतेक वेळा ती "या" म्हणते. कधी "आज नको" म्हणते. मग मी बरं म्हणतो आणि एकट्यापुरता भात टाकतो.